नगरची सगुणा, मद्रासची कादंबरी

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठी वाचकाला घरच्यासारखी ओळखीची आहेत. नवरा ख्रिस्ती झाला. बायको रडली, भांडली, सोवळे सांभाळत वेगळी राहिली आणि मग हळूहळू स्वतःच्या चालीने त्याच्या वाटेला लागली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी मद्रासच्या श्रीनिवास वरदाचारी आणि कंपनी या प्रकाशकांनी 'सगुणा' नावाची एक इंग्रजी कादंबरी काढली. तिच्या पहिल्या भागात जवळपास हीच हकिकत आहे, फक्त अर्ध्या शतकाहून जुनी. घर नगरच्या ब्राह्मणाचे, नवरा मिशनऱ्यांच्या नादाने बाटलेला आणि बायको सोवळ्यातली. या बायकोचे नाव राधा. ती लेखिकेची सख्खी आई.

लेखिका कृपाबाई सत्यनाथन, माहेरचे आडनाव खिस्ती. पुस्तक बाहेर आले तेव्हा त्यांना जाऊन काही महिने झाले होते. वय अवघे बत्तीस. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेल्या पहिल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा मान अभ्यासक 'सगुणा'ला देतात. महाराष्ट्रात मात्र हे नाव घेतले की समोरचा माणूस विचारतो, कोण या? मराठी बाई, मराठी घर, मराठी मुलुख, पण भाषा इंग्रजी, गाव मद्रास आणि धर्म ख्रिस्ती. एवढ्या तीन कुंपणांपलीकडचे पुस्तक उचलायला आपल्या वाङ्मयेतिहासाला सवड झाली नाही.

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२चा, अहमदनगरचा. चौदा भावंडांत त्या तेराव्या. वडील हरिपंत खिस्ती हे अमेरिकन मराठी मिशनच्या अगदी सुरुवातीच्या ब्राह्मण ख्रिस्तींपैकी एक. मिशनने नगरला ठाण मांडले १८३१ साली आणि हरिपंतांनी बाप्तिस्मा घेतला १८३९ साली. ते वर्ष साधे नव्हते. त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतली दोन पारशी मुले ख्रिस्ती झाली आणि प्रकरण कोर्टात जाऊन सगळे शहर ढवळून निघाले. चार वर्षांनी श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाच्या प्रकरणात तेच झाले. पोरगा कोर्टाच्या हुकमाने बापाकडे परत आला खरा, पण त्याला जातीत घ्यायचे की नाही यावर ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांनाही बोलणी खावी लागली. अशा दिवसांत नगरसारख्या गावात ब्राह्मणाच्या घरातला कर्ता तरुण 'त्यांच्यात' जाणे म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेलाच. बायकोच्या वाट्याला मात्र विधवेची सुटकाही नव्हती आणि सवाष्णीचा मानही नव्हता.

ही नगरी त्या काळात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा इथलीच. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढायचे मनावर घेतले, हे सर्वज्ञात आहे. 'ज्ञानोदय' हे मासिकही १८४२ साली नगरलाच सुरू झाले. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पुण्याच्या भिडेवाड्याचे नाव जितक्या वेळा येते, त्याच्या दशांशानेही नगरच्या मिशन कंपाउंडचे येत नाही. कृपाबाई त्या कंपाउंडच्या लेक.

'सगुणा' प्रथम १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः छापून आली. उपशीर्षकातच 'नेटिव्ह ख्रिस्ती जीवनाची कथा' असे म्हटले होते. मासिक मिशनऱ्यांच्या कॉलेजचे असले तरी त्या कॉलेजात शिकणारी मुले बहुतेक हिंदू. त्यामुळे वाचकवर्गात गोरे पाद्री होते, इंग्रज अंमलदार होते आणि इंग्रजी शिकलेले दक्षिणी तरुणही होते. लेखिकेला या सगळ्यांशी एकाच वेळी बोलायचे होते. कादंबरीतले पुष्कळ अवघडलेपण या वाचकवर्गातून आलेले आहे. गोऱ्या वाचकासाठी सासुरवास समजावून सांगायचा आणि हिंदू वाचकासमोर आपण परके झालेलो नाही हेही दाखवायचे, अशी ती दुहेरी कसरत.

पुस्तक सगुणाच्या नावाचे, पण त्याचा जीव पहिल्या भागातल्या राधेत आहे. मोठ्या कुटुंबातली कोवळी सून. पहाटे उठायचे, नदीवर जायचे, पाणी भरायचे, सासूचा शब्द झेलायचा. नदीवर बरोबरीच्या पोरीसोरी भेटतात तेवढाच काय तो मोकळा श्वास. हे सगळे कृपाबाई आईच्या तोंडून ऐकत मोठ्या झाल्या असणार. कारण इथे त्यांची इंग्रजी वाक्ये एकदम हलकी होतात, वर्डस्वर्थच्या चालीवरची निसर्गवर्णने मागे पडतात आणि बायका बोलायला लागतात. राधेचा नवरा हरिचंद्र पंडिताच्या घरचा, पुस्तकात बुडालेला. त्याच्या डोक्यात काय चालले आहे याचा राधेला पत्ता नाही. पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिला नवऱ्याकडे पोचवले जाते आणि आपण कुठे येऊन पडलो हे तिला तिथे गेल्यावर कळते.

पुढचा संसार म्हणजे एका छपराखाली दोन धर्म. तो गोऱ्यांत उठतो-बसतो, प्रार्थना करतो. ती वेगळी चूल मांडते, विटाळ पाळते, रडते. हरिचंद्र तिच्यावर जबरदस्ती करत नाही. तिचे सोवळे तिला सांभाळू देतो, तिच्याजवळ बसून वाचून दाखवतो, वाट पाहतो. कृपाबाईंनी बापाचा हा धीर मोठ्या प्रेमाने रंगवला आहे, आणि त्यात भाबडेपणा आहेच. पण लेकीच्या डोळ्यांना आईचा आडमुठेपणा लाजिरवाणा वाटलेला नाही, हे अधिक महत्त्वाचे. राधेला जे गमवावे लागले, म्हणजे माहेर, सासर, सण, नदीवरच्या मैत्रिणी, त्याची किंमत लेखिका कमी करून सांगत नाही. मिशनच्या पत्रकांत धर्मांतर म्हणजे अंधारातून उजेडात मारलेली उडी असे. राधेच्या बाबतीत ती उडी नाहीच. वर्षानुवर्षे झिजत झिजत झालेले ते एक मन वळणे आहे आणि त्याच्या तळाशी पुष्कळसे दुःख शिल्लक राहते.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाची धार राधेच्या कथेत नाही. तिथे बाई स्वतः बोलते, इथे लेक आईबद्दल बोलते, शिवाय परक्या भाषेत. पण 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला १९३४ साली. त्याच्या जवळपास पन्नास वर्षे आधी, बाटलेल्या ब्राह्मणाच्या बायकोची बाजू कोणीतरी गोष्टीत मांडली होती आणि तीही नगरकरणीनेच, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

आता सगुणाकडे. वडील ती लहान असतानाच जातात. घरात भाऊ पुष्कळ. त्यांचे धडे चाललेले असताना ही कोपऱ्यात बसून ऐकते, मग हळूच त्यांच्यात जाऊन बसते आणि शेवटी त्यांच्यापुढे जाते. घरकामात तिचे लक्ष नाही. पुस्तक हाती लागले की भाकरी करपते म्हणून बोलणी बसणारी ही मुलगी मराठी वाचकाने पुढे पुष्कळ कथांत पाहिली. पण १८८७ साली ती नवी होती. तिचा खरा गुरू म्हणजे मोठा भाऊ भास्कर. तो तिला पुस्तके देतो, टेकड्यांवर फिरायला नेतो, इतर बायकांसारखी होऊ नकोस म्हणून बजावतो, आपल्या देशातल्या बायकांशी धीटपणे बोल असे तिच्याकडून कबूल करून घेतो. खऱ्या आयुष्यातला भास्करही कृपाबाईंचा आधार होता आणि तोही ऐन तारुण्यात गेला. त्याच्या जाण्याने पडलेली पोकळी कादंबरीत कुठेच भरून निघत नाही. सगुणा पुढे जे जे करते, ते बरेचसे त्या एका कबुलीपोटी.

मग मुंबईचे बोर्डिंग. झनाना मिशनच्या बायकांनी चालवलेले, गोऱ्या बाईंच्या देखरेखीखालचे. इथे एक अमेरिकन डॉक्टरीण या मुलीची चमक हेरते आणि तिच्या डोक्यात वैद्यकीचे वेड घालते. नेटिव्ह ख्रिस्तींना गोरे लोक आपल्या बरोबरीचे मानत नाहीत, हेही सगुणाला याच वातावरणात पुरते उमगते. प्रभूपुढे सगळे सारखे, पण दिवाणखान्यात नव्हे. ही गोष्ट कृपाबाई दबक्या आवाजात सांगत नाहीत. मिशनरी बाईंचा वरून खाली बोलण्याचा सूर, उपकार केल्याचा आव, नेटिव्ह मुलीने नम्र असले पाहिजे ही अपेक्षा, हे सगळे सगुणा नावानिशी दाखवते आणि उलट बोलते. गर्विष्ठ म्हणून तिच्यावर शिक्का बसतो. तो ती पुसायला जात नाही. मिशनच्याच कॉलेजच्या मासिकात हे छापून येत होते, हे लक्षात घेतले म्हणजे बाईंच्या हिमतीचा अंदाज येतो.

इंग्लंडला पाठवून तिला डॉक्टर करावे असे ठरत आले होते. शिष्यवृत्तीचीही सोय होत होती. प्रकृतीने खोडा घातला. परदेशची हवा हिला मानवणार नाही, असे वैद्यकीय मत पडले. मग मद्रास. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज बायकांना उघडले १८८३ साली. मद्रासचे मात्र १८७५ पासूनच खुले होते, आणि मेरी शार्लीब तिथे शिकलेल्या पहिल्या चौघींत होत्या. कृपाबाई तिथे दाखल झाल्या १८७८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी. आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसल्या त्याच्या पाच वर्षे आधी. पहिल्या वर्षी एक विषय सोडला तर सगळ्यांत त्या पहिल्या आल्या. आणि तिथेच शरीराने दगा दिला. दुसऱ्या वर्षाच्या आत कॉलेज सोडून विश्रांतीसाठी पुण्याला बहिणीकडे यावे लागले. आनंदीबाईंचे नाव घराघरांत पोचले, त्यांच्यावर चरित्रे, कादंबऱ्या, नाटके, सिनेमा झाला. त्यांच्याआधी हीच वाट चालू लागलेली आणि मधेच थांबलेली ही दुसरी मुलगी विस्मरणात गेली. अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाला कोण विचारतो?

मद्रासमध्ये कृपाबाई राहत होत्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी. हे तमिळ कुटुंब ख्रिस्ती समाजात मोठ्या नावाचे. घरच्या ॲना सत्यनाथन मुलींच्या शाळा चालवत आणि तमिळमध्ये लिहीत. त्यांचा मुलगा सॅम्युएल केंब्रिजहून शिकून परतला आणि पुढे कृपाबाईंचा नवरा झाला. उटीला तो मुख्याध्यापक असताना कृपाबाईंनी तिथे मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा लेख तिथलाच, आणि छापून आलेले त्यांचे पहिले लेखनही तेच. खाली नावाऐवजी 'एक भारतीय स्त्री' एवढीच सही. पुढे राजमहेंद्री, कुंभकोणम, शेवटी मद्रास. तब्येत कधीच धड नव्हती. झालेले एकुलते मूल तान्हेपणीच गेले.

कादंबरीतला प्रणय मोठा मजेदार आहे. सगुणाला आधी सांगून येतात ते साहेबी वळणाचे नेटिव्ह ख्रिस्ती तरुण. त्यांचा कोट, त्यांचे इंग्रजी आणि विलायती ढंगाचे प्रेम या सगळ्याची कृपाबाई हसतहसत सालटी काढतात. हिंदू समाजावर आणि गोऱ्या मिशनऱ्यांवर टीका करणारी बाई आपल्याच लोकांना सोडेल कशी? लग्न करायचेच असेल तर ज्याच्याशी बोलता येईल अशाशी, हा सगुणाचा आग्रह. तसा माणूस शेवटी भेटतो आणि कादंबरी लग्नावर संपते. आजच्या वाचकाला इथे थोडी निराशा येणे साहजिक आहे. एवढी धडपड, एवढे वैद्यकीचे वेड, आणि शेवटी अक्षता. पण ज्या काळात दहाव्या वर्षी पोरी उजवल्या जात, त्या काळात नवरा स्वतः निवडणारी आणि तोवर निवांत नकार देणारी मुलगी ही चैनीची कल्पना नव्हती.

'सगुणा' नीट वाचायची तर तिच्या जुनाट बाजूंकडेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. त्या बाजू बऱ्याच आहेत. हिंदू बायका इथे बहुधा कीव करण्यापुरत्या येतात. त्या अडाणी, भांडकुदळ, घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या, देवदेवतांच्या भीतीत जगणाऱ्या. व्यक्ती म्हणून त्यांतली एकच उठून दिसते, ती राधा, आणि तीही शेवटी ख्रिस्ती होते. मूर्तिपूजेबद्दल लेखिकेचा सूर मिशनच्या पुस्तकांतून सरळ उचललेला. इंग्रजी शिक्षण म्हणजे उजेड आणि बाकी सगळा अंधार, या हिशेबावर तिचा मनापासून विश्वास आहे. नगरच्याच मातीत सावित्रीबाईंसारख्या बाईला शिक्षणाची वाट सापडली होती आणि त्यासाठी धर्म बदलावा लागला नव्हता, याची चाहूलही या पुस्तकाला नाही.

याहून खटकणारी गोष्ट जातीची. सगुणाचा गोऱ्यांपुढे अपमान होतो तेव्हा तिच्या मनात प्रभूची लेकरे सगळी सारखी हे उत्तर येत नाही. येतो तो बापाच्या ब्राह्मणी घराण्याचा अभिमान. आमचे पूर्वज या मुलुखात पूज्य होते, तुम्ही कोण आम्हाला शिकवणार, असा तो पवित्रा. अमेरिकन मराठी मिशनचा नगरातला मोठा कळप महार आणि मांग समाजातला होता. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे विहिरीवरच्या पाण्यापासून शाळेतल्या बाकापर्यंत अनेक गोष्टींचा प्रश्न होता. कादंबरीच्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत केंद्रस्थान सोडत नाही ते ब्राह्मण ख्रिस्ती घर. बाकीचे ख्रिस्ती त्याच्या मागच्या पडद्यावर. जात मोडून आलेल्या माणसाच्या मनात जात कशी शाबूत राहते, याचा इतका स्वच्छ पुरावा त्या काळच्या दुसऱ्या पुस्तकात सहज सापडणार नाही. लेखिकेने तो अजाणता दिला आहे, म्हणून अधिक विश्वासार्ह.

हे जुनाटपण वेगळे काढून टाकता येत नाही. सगुणाच्या ताठ कण्यात त्याचाही वाटा आहे. ज्या मिशनने तिला अक्षर दिले, त्यानेच 'बिचाऱ्या हिंदू बायका' ही नजरही दिली. ज्या घराण्याच्या गर्वामुळे ती गोऱ्या बाईसमोर मान खाली घालत नाही, त्याच गर्वाने तिला शेजारच्या महार ख्रिस्ती बाईचा चेहरा दिसू दिला नाही. स्त्रीवादी अभ्यासकांनी 'सगुणा'ला नव्याने उजेडात आणले तेव्हा तिच्या ताठ कण्यावर जोर राहिला. मिशनच्या अभ्यासकांचा जोर मिशनने दिलेल्या नजरेवर. वाचणाऱ्याने दोन्ही एकदम वाचावे, एवढीच अपेक्षा.

तिच्या समकालीनांकडे पाहिले की गंमत कळते. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' आली १८८२ साली. पंडिता रमाबाईंनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापले १८८७ साली. रखमाबाईंचा खटला १८८४ ते ८८ सगळ्या हिंदुस्थानात गाजत होता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली यमू 'करमणूक'मध्ये अवतरली १८९० साली. म्हणजे ज्या दशकात महाराष्ट्राने बाईच्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त शाई सांडली, त्याच दशकात 'सगुणा' छापून येत होती, फक्त सातशे मैल दूर. हरिभाऊंची यमू सोसते आणि वाचकाला रडवते. सगुणा सोसत नाही, बोलते. दोघींचे घर एकाच मराठी मध्यमवर्गाच्या दोन टोकांना. हरिभाऊंच्या वाचकाला दुसरे टोक बघायला मिळाले असते, तर त्याने कान टवकारले असते की नाक मुरडले असते, कोण जाणे.

कृपाबाईंचे दुसरे पुस्तक अधिक विचित्र आहे. 'कमला' १८९४ साली आले. शेवटच्या आजारात, अंथरुणावरून, दिवस मोजत त्यांनी ते पुरे केले. या वेळी नायिका हिंदू. डोंगरातल्या एका विरक्त, विद्वान ब्राह्मणाची एकुलती लेक. बाहेरच्या जगाची तिला काहीच कल्पना नाही. गणेश नावाच्या शिकलेल्या तरुणाशी लग्न होते. तो तिला शिकवू पाहतो आणि घरातल्या बायका त्याला तसे करू देत नाहीत. पुढे तो साई नावाच्या एका बाईच्या नादी लागतो. साई ही धीट, पैसा बाळगून असलेली, पुरुषांत वावरणारी. कादंबरीने तिला खलनायिका केले आहे. इथे पुन्हा जुनी नजर आडवी येते. बाई मोकळी फिरते म्हणजे ती वाईट चालीची, हा हिशेब सगुणाच्या लेखिकेने मांडावा हे अवघड दुखणे. आपल्या नायिकेला जे मोकळेपण दिले, ते साईला देताना त्यांचा हात आखडला.

पण कमलेच्या बाबतीत कृपाबाईंची कीव गळून पडते. हिंदू सुनेच्या मनात त्या शिरल्या आहेत आणि तिथून बाहेर बघत आहेत. गणेश पटकीने मरतो. कमला तरुण विधवा होते. तिच्यावर पूर्वीपासून प्रेम असलेला रामचंदर तिला लग्नाचे विचारतो. विधवाविवाहाचा कायदा होऊन तोवर जवळपास चाळीस वर्षे झाली होती. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', कायद्यानंतरच्याच वर्षी, १८५७ साली निघाली. तिच्यातली विधवा यमुना ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्नही करते. इथे मात्र एक ख्रिस्ती लेखिका आपल्या हिंदू विधवेला नाही म्हणायला लावते. कमला लग्न नाकारते आणि उरलेले आयुष्य, हाती आलेला पैसा, निराधार बायका-पोरांसाठी खर्च करते.

काहींना हा धर्मापुढचा शरणागत शेवट वाटतो. तो तसाच आहे असे म्हणवत नाही. कमलेला रामचंदर आवडत नाही असे मुळीच नाही. तिला आपल्या माणसांत, आपल्या समजुतींत राहूनच काही करायचे आहे. पदमनजींनी यमुनेला एका समाजातून उचलून दुसऱ्यात ठेवले आणि प्रश्न सोडवला. राधेच्या लेकीला ते उचलून ठेवणे कसे असते हे घरात बसून माहीत होते. तिने कमलेला तसे उचलले नाही. सात वर्षांत लेखिका कुठून कुठे आली, ते 'सगुणा' आणि 'कमला' शेजारी ठेवल्यावर दिसते.

३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाई गेल्या. 'कमला' मिसेस ग्रिग यांनी लिहिलेल्या आठवणींसह निघाली, पुढच्या वर्षी 'सगुणा', आणि १८९६ मध्ये त्यांच्या फुटकळ लेखांचा संग्रह. दोन्ही कादंबऱ्यांची तमिळ भाषांतरे त्याच वर्षी आली. मद्रासने त्यांना आपली लेखिका मानले.

सॅम्युएल सत्यनाथन यांनी दुसरे लग्न केले. ही पत्नीही लेखिका आणि तिचे नाव कमला. कमला सत्यनाथन यांनी १९०१ साली मद्रासहून 'इंडियन लेडीज मॅगझिन' सुरू केले. भारतीय बाईने बायकांसाठी इंग्रजीत चालवलेले ते आरंभीचे मासिक. पुढे त्यांची मुलगी पद्मिनी सेनगुप्ता हिने आईचे चरित्र लिहिले. कृपाबाईंना लेकही उरली नव्हती आणि मराठीत वारसा सांगणारे कोणी नव्हते. १९९१ साली सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा संग्रह काढला. त्यात कृपाबाईंचा उतारा घेतला गेला. १९९८ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने चांदनी लोकुगे यांच्या संपादनाखाली 'सगुणा' आणि 'कमला' दोन्ही पुन्हा छापल्या. पहिल्या छपाईनंतर शंभर वर्षांनी त्या दिल्लीच्या दुकानांत आल्या. इंग्रजी विभागांच्या अभ्यासक्रमांत त्या तेव्हापासून अधूनमधून दिसतात. मराठी विभागांना मात्र नगरच्या राधेची गोष्ट अजून आपली वाटायची आहे.